चाळीस पौंड हवा

सलिलचा फोन दर रविवारी सकाळी साडेआठला यायचा आणि आठ बत्तीसला संपायचा. तेवढ्या दोन मिनिटांत मिनियापोलिसचं तापमान, पुण्याचं तापमान, जेवण, रक्तदाबाची गोळी आणि ‘बाकी काय विशेष’ एवढं सगळं उरकायचं. बाकी विशेष कधीच नसायचं. पद्मजाबाई होत्या तेव्हा मुलाचा फोन त्याच घ्यायच्या. पाऊण तास बोलून झालं की ‘हं, आता बाबांशी बोल’ म्हणून रिसीव्हर यज्ञेश्वर मेहेंदळ्यांच्या हातात द्यायच्या. मेहेंदळे ‘ठीक आहे ना सगळं?’ विचारायचे आणि उत्तर ‘हो’ असल्यामुळे फोन ठेवून द्यायचे. दोन वर्षांपूर्वी पद्मजाबाई गेल्या. तेव्हापासून पाऊण तास कमी झाला आणि मेहेंदळ्यांचा वाटा तेवढा उरला.

मेहेंदळे खडकीच्या एका संरक्षण कारखान्यात एकतीस वर्षं तपासणी खात्यात होते. बाहेरचे पुरवठादार स्क्रू, स्प्रिंगा, वॉशर असला माल पाठवत आणि त्याबरोबर ‘आम्ही मोजला, सगळा उत्तम आहे’ अशा अर्थाचा तक्ता पाठवत. तो तक्ता खरा की खोटा हे ठरवणं मेहेंदळ्यांचं काम. त्यामुळे त्यांना ओळखणारे पुष्कळ होते आणि चहाला बोलावणारा एकही नव्हता. निवृत्तीनंतर ते शनिवार पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वर्तमानपत्रातल्या चुका शोधून संपादकांना कळवत. संपादकांकडून उत्तर येत नसे, पण चूक ही चूकच राहत असे, याचं समाधान होतं.

२००३ च्या नोव्हेंबरातल्या चौथ्या रविवारी सलिल म्हणाला, “बाबा, मी सायकल घेतलीय.”

“तिकडे? कशाला?”

“ऑफिसला जायला. बर्फ पडला की बस वेळेवर येत नाही. टीममधला एकजण परत बंगळूरला गेला, त्याची घेतली. इथे चालवतात लोक बर्फात.”

“बरं.”

“पण एक प्रॉब्लेम आहे. सकाळी पायडल मारलं तर ते नुसतंच फिरतं. चाक हलतच नाही.”

मेहेंदळे फोन नेहमी उभ्यानं घेत. दोन मिनिटांसाठी कोण बसतो? त्या दिवशी त्यांनी पायानं खुर्ची ओढली.

“पुढे मारलं तरी नुसतंच फिरतं?”

“हो.”

“ऑफिसात पोचल्यावर?”

“ऑफिसात चालवत कसा पोचणार? ढकलतच नेली शेवटपर्यंत. संध्याकाळी तिथून निघताना मात्र व्यवस्थित.”

“ऑफिसात कुठे ठेवतोस?”

“आत. बेसमेंटमध्ये.”

“आणि घरी?”

“बाल्कनीत.”

“गाढवा,” मेहेंदळे म्हणाले. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या तोंडून मुलासाठी निघालेला हा सर्वांत मायेचा शब्द होता. “फ्रीव्हीलच्या आत दोन बारीक खटके असतात. चाकाला तेच पकडतात. आतलं ग्रीस थंडीनं घट्ट झालं की ते उघडतच नाहीत. ग्रीस धुऊन काढ. पातळ तेल सोड.”

“कुठलं तेल?”

प्रश्न साधा होता, पण मेहेंदळ्यांना उत्तर येत नव्हतं. पुण्याच्या थंडीत कुठलंही तेल चालतं. “पुढच्या रविवारी सांगतो,” ते म्हणाले. फोन ठेवला तेव्हा आठ बावन्न झाले होते.

खालच्या मजल्यावर नम्रता नावाची वर्ध्याची मुलगी भाड्यानं राहायची. हिंजवडीला कुठल्याशा कंपनीत होती. तिच्याकडे फ्रीज नव्हता, म्हणून दूध आणि सोललेले मटार ती मेहेंदळ्यांकडे ठेवायची. बुधवारी मटार घ्यायला आली आणि फ्रीजरचं दार उघडून उभीच राहिली. आत सहा चमचे ओळीनं मांडलेले होते. प्रत्येकाखाली कागदाची चिठ्ठी होती.

“काका, हे काय करून राहिले तुम्ही?”

“करून राहिले नाही. करताय.”

“बरं, काय करताय?”

“शिलाई मशीनचं तेल, इंजिन ऑइल, एरंडेल, ग्रीस, ग्रीसमध्ये रॉकेल, आणि खोबरेल. कुठलं किती गोठतं ते बघायचंय.”

“खोबरेल तर बाहेरच गोठून राहिलं ना आजकाल.”

“ते मलाही माहीत आहे. तुलनेला ठेवलंय.”

नम्रतानं मटारची पिशवी उचलून तिचा वास घेतला, परत ठेवली, आणि त्या दिवशी बटाट्याची भाजी केली.

शिलाई मशीनचं तेल पहिलं आलं. फ्रीजरमध्ये उणे अकरा होतं आणि मिनियापोलिसला उणे एकोणीस. आठ अंशांची ही तफावत मेहेंदळ्यांनी सलिलला रविवारी प्रामाणिकपणे सांगितली. मग चेनबद्दल विचारलं. रस्त्यावर बर्फ वितळायला मीठ टाकतात असं सलिल म्हणाला. मीठ! मेहेंदळ्यांच्या अंगावर काटा आला. घरी पोचल्या पोचल्या चेन फडक्यानं कोरडी पुसायची, चिखल असेल तर आधी ओल्या फडक्यानं, मग प्रत्येक कडीवर एकच थेंब, आणि वरचं जादा तेल पुसून टाकायचं. “तेल आत हवं, बाहेर नको. बाहेरचं तेल मीठ धरून ठेवतं.” टायरमध्ये हवा किती? सलिलला माहीत नव्हतं. मग ते मोजायचं कसं, बर्फात थोडी कमी का ठेवायची, पुढचा ब्रेक आधी का दाबायचा नाही. फोन सव्वानऊला संपला.

त्या दुपारी मेहेंदळ्यांच्या लक्षात आलं, की आपण ज्या गोष्टीवर पाऊण तास बोललो ती आपण गेली सतरा वर्षं केलेली नाही. हे तपासणीच्या तत्त्वात बसत नव्हतं. जिन्याखाली त्यांची चोवीस इंची सायकल होती, तिच्यावर चार जणांचे जुने कूलर आणि एक सतरंजी होती. त्यांनी ती उपसली आणि ढकलत मच्छिंद्रच्या दुकानात नेली. एके काळी तिथे रोज तीस सायकली दुरुस्त व्हायच्या. आता मोटारसायकली उभ्या होत्या.

“मेहेंदळे, तुम्ही अजून आहात?” मच्छिंद्रनं विचारलं.

“दिसतोय ना?”

“सायकल पण आहे! मला वाटलं, भंगारात गेली असेल. दोघांपैकी एक तरी.”

“ओव्हरऑइलिंग करायचंय.”

“मी सोडलं सायकलीचं काम. पोरंसुद्धा आता स्कूटीवर दूध आणायला जातात. तुम्हाला बेअरिंगचे छर्रे देतो, टायर-ट्यूब देतो, पाना देतो. घरी करा. तुम्हाला कुणाचं काम पटणारे का तसंही?”

हे खरं असल्यामुळे मेहेंदळ्यांना अपमान वाटला नाही. दोन दिवस गॅलरीत वर्तमानपत्र पसरून त्यांनी सगळी सायकल सुटी केली, रॉकेलमध्ये धुतली, छर्रे बदलले, ग्रीस भरलं आणि पुन्हा जोडली. काही उरलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे सहाला माकडटोपी, मफलर, स्वेटर आणि हातमोजे घालून ते निघाले आणि शंभर पावलांवर उतरले. मांड्यांनी साफ नकार दिला होता. दुसऱ्या दिवशी मंडईपर्यंत गेले. आठवड्यानं स्वारगेट झालं. तिथवर स्वेटर अंगाला चिकटे आणि परत येताना घाम गार होऊन छाती भरे. म्हणून मग आत सुती बनियन, वर एकच स्वेटर आणि पोटावर वर्तमानपत्राची घडी असा बंदोबस्त त्यांनी शोधून काढला. निघताना थंडी वाजली पाहिजे, नाहीतर कपडे जास्त झाले, हा नियमही. हे सगळं रविवारी सलिलला सांगितलं गेलं. सलिल म्हणाला, इथेही असंच सांगतात. मेहेंदळ्यांना ‘तिकडचं’ काही पहिल्यांदाच पटलं.

डिसेंबरअखेर ते कात्रजपर्यंत जाऊ लागले. रस्त्यावर सायकलवाले असे फक्त दूधवाले आणि पेपरवाले. धनकवडीच्या वळणावर एका गृहस्थांनी गॅलरीतून दोनदा हाक मारली, “अहो, आमचा पेपर दोन दिवस आला नाही!” तिसऱ्या दिवशी मेहेंदळे थांबले आणि आपण पेपर टाकत नसल्याचं त्यांना समजावून सांगितलं. “मग एवढ्या सकाळी सायकल कशाला चालवता?” गृहस्थांनी विचारलं. मुलाशी बोलायला विषय हवा म्हणून रोज वीस किलोमीटर, हे उत्तर बरोबर होतं. पण गॅलरीकडे मान वर करून देण्यासारखं नव्हतं.

दरम्यान सलिलसाठी त्यांनी एक तक्ता केला होता. हवा, चेनची ढिलाई, ब्रेकच्या रबराची जाडी, स्पोक, बेअरिंग. नम्रतानं तो ऑफिसात टाइप करून मेल केला. सलिल दर रविवारी आकडे वाचून दाखवी, मेहेंदळे आलेखाच्या कागदावर ते उतरवून घेत आणि मग प्रत्येक आकड्यावर चर्चा होई. जानेवारीच्या एका रविवारी फोन पन्नास मिनिटं चालला. शेवटी सलिल हसला होता. त्या हसण्याला तक्त्यात रकाना नव्हता.

जानेवारीच्या शेवटच्या गुरुवारी मेहेंदळे चष्मा पुसून आलेख बघत बसले होते. डिसेंबरातले आकडे असे: हवा अडतीस पौंड, मग एक्केचाळीस, मग छत्तीस. ब्रेकचा रबर सहा मिलिमीटर, मग साडेपाच, मग पाच. त्यानंतर पाच रविवार हवा चाळीस. रबर पाच. चेन ठीक. सगळ्या रेघा पट्टीनं आखल्यासारख्या सरळ.

आता हवा नावाची वस्तू पाच आठवडे एका जागी राहत नाही. आणि मीठ घातलेल्या चिखलात रोज घासणारा रबर झिजत नाही, हे तर शक्यच नाही. असे तक्ते मेहेंदळ्यांनी एकतीस वर्षं पाहिले होते. खरं मोजणाऱ्याचे आकडे थोडे वेडेवाकडे येतात. सगळे आकडे जेव्हा शहाण्यासारखे वागतात, तेव्हा माणसानं मोजमाप न करता चहा पीत तक्ता भरलेला असतो.

सलिल सायकल चालवत नव्हता. बहुधा सायकलच नव्हती.

पहिली गोष्ट अशी झाली, की मेहेंदळ्यांना आनंद झाला. सापडलं! निवृत्तीनंतर इतकं स्वच्छ काही सापडलंच नव्हतं. ते तसेच खाली नम्रताकडे गेले आणि कागद तिच्यापुढे धरला. तिनं तो नीट पाहिला.

“अगंबाई. हो ना.”

“रविवारी विचारतो त्याला.”

“काका, नका ना विचारू.”

“का? आकडे चुकीचे आहेत.”

“असू द्या ना. मले सांगा, सायकल नाही तर तो कायले आकडे देऊन राहिला तुम्हाला? दर आठवड्याला? कोण करतं असं?”

“तेच विचारणार आहे.”

“बापा!” नम्रता म्हणाली. “तुम्ही पुण्याचे लोक ना, बरोबर असलं की कोणाचं ऐकतच नाही.”

“बरोबर असल्यावर ऐकायचं कशाला?” मेहेंदळे म्हणाले आणि वर आले.

रविवारी साडेआठला फोन आला. “वाच,” मेहेंदळे म्हणाले.

“हवा चाळीस. चेन ठीक. ब्रेक...”

“गेल्या रविवारी हवा किती होती?”

“चाळीसच असेल.”

“त्याच्या आधी?”

“बाबा, काय झालं?”

“पाच आठवडे रबर झिजलेला नाही. एक तर तिकडच्या रबराला जगात तोड नाही, नाहीतर सायकल जागची हललेली नाही. कुठे आहे सायकल?”

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला.

“विकली.”

“कधी?”

“नाताळाच्या आधी. उणे अठ्ठावीस झालं होतं, बाबा. एकदा पडलोही. मग सेकंडहँड गाडी घेतली.”

‘पडलास? लागलं?’ हे विचारायचं मेहेंदळ्यांच्या मनात आलं होतं. पण आधीचा प्रश्न पुरा झाला नव्हता. “मग हे आकडे?”

“तुम्ही विचारायचात.”

“विचारलं की काहीही सांगायचं?”

“एरवी आपण काय बोलतो, बाबा?”

“तो मुद्दा वेगळा. खोटे आकडे दिलेस हे चूक की नाही?”

“चूक.”

“झालं तर मग.”

झालंच. आठ चौतीस झाले होते. मेहेंदळ्यांनी आलेखावर तांबड्या शाईनं पाच रविवारांभोवती चौकट काढली आणि खाली सही केली. सही करायची जागा होती म्हणून केली. तो कागद कुणाकडे पाठवायचा हे त्यांना ठरवता आलं नाही.

पुढच्या रविवारी फोन साडेआठला आला आणि आठ बत्तीसला संपला. मिनियापोलिसला उणे बारा, पुण्याला चौदा. जेवलात? गोळी घेतली? बाकी काय विशेष? सलिल रागावलेला नव्हता. रागावला असता तर त्यावर काही बोलता आलं असतं. तो अतिशय व्यवस्थित बोलत होता. त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच. तेव्हा फोन ठेवताना मेहेंदळ्यांना दिसलं, की खुर्ची बाजूलाच होती आणि आपण उभेच होतो.

“आला होता फोन?” नम्रतानं दूध घेताना विचारलं.

“आला होता.”

“काय म्हणाला?”

“उणे बारा.”

नम्रतानं त्यांच्याकडे पाहिलं. ती बोलली असती, चुकीचं काही, तर दुरुस्त तरी करता आलं असतं.

सोमवारी मेहेंदळे कात्रजला गेले नाहीत. कशाला जायचं, हा गॅलरीतल्या गृहस्थांचा प्रश्न आता त्यांना स्वतःलाच पडला होता. मंगळवारी त्यांनी सायकल पुन्हा सुटी केली. चेन काढून कडी न् कडी हातानं वाकवून बघितली. छर्रे मोजले. चाक फिरवून डोळ्यासमोर धरलं, रिम कुठे लचकते का पाहिलं. शनिवारपर्यंत रोज ते काही ना काही उघडून बघत होते. पंप कपाटावरून पाच वेळा काढला. सायकलमध्ये कुठेही, कसलाही दोष नव्हता. त्या फेब्रुवारीत शहरातली ती सर्वांत निर्दोष सायकल असावी. मेहेंदळ्यांना आयुष्यात प्रथमच निर्दोष मालाचा इतका राग आला.

त्या रविवारी सकाळचा फोन झाला, दोन मिनिटांचा. संध्याकाळी सव्वासातला त्यांनी शर्ट बदलला, सलिलचा नंबर लिहिलेला कागद खिशात ठेवला आणि कोपऱ्यावरच्या एसटीडीच्या दुकानात गेले. त्यांनी स्वतःहून परदेशी फोन कधी लावला नव्हता. काचेच्या खोक्यात एक मुलगी कुणाशी तरी भांडत होती. ती बाहेर येईपर्यंत त्यांनी मनात वाक्य तयार केलं. तिकडे सकाळचे पावणेआठ झाले असतील. रविवार आहे. झोपलाही असेल.

पाच-सहा घंट्यांनंतर सलिलनं उचलला.

“हॅलो?”

“मी बोलतोय.”

“बाबा?” सलिलचा आवाज एकदम चढला. “काय झालं? कुठून बोलताय? बरं आहे ना तुम्हाला?”

इकडून आपणहून गेलेला शेवटचा फोन त्याची आई गेल्याचा होता, तोही दुसऱ्या कुणी लावून दिलेला, हे मेहेंदळ्यांच्या तेव्हा लक्षात आलं. तयार केलेलं वाक्य तिथेच विसरलं.

“काही नाही झालं. मी ठणठणीत आहे. सायकलबद्दल बोलायचं होतं.”

सलिल हळू म्हणाला, “बाबा, मी सांगितलं ना. विकली. चुकलं माझं.”

“तुझी नाही. माझी.”

“तुमचीला काय झालं?”

मेहेंदळ्यांनी काचेबाहेर पाहिलं. दोन जण रांगेत उभे होते. एकतीस वर्षांत त्यांनी चांगल्या मालाला वाईट किंवा वाईट मालाला चांगलं म्हटलं नव्हतं.

“आवाज येतो,” ते म्हणाले.

“कुठून?”

“मागून.”

“मागून म्हणजे चाकातून?”

“चाकातून असेल. चेनमधूनही असेल. काही कळत नाही.”

“तुम्हाला कळत नाही?”

“नाही.”

पलीकडे खुर्ची सरकली. मग सलिल म्हणाला, “कसा आवाज आहे?”

याची तयारी नव्हती. मेहेंदळ्यांनी घसा खाकरला. “कर्र. कर्र. असा. चढावर जास्त. कात्रजच्या.”

“चढावर तुम्ही एवढ्या जोरात मारता कशाला? कात्रजपर्यंत जायचंच कशाला या वयात?”

“मग कुठपर्यंत जाऊ?”

“अहो, सारसबागेपर्यंत जा. नाहीतर... थांबा, मागचं मडगार्ड घासत नाहीये ना? आमच्या इथे एकाचं झालं होतं तसं.”

मडगार्डचा असा आवाज येत नाही. कर्र येतच नाही, खर्र येतो, आणि चढावर तर मुळीच नाही. मेहेंदळ्यांच्या जिभेच्या टोकाशी हे सगळं आलं.

“ते नाही पाहिलं,” ते म्हणाले.

“पाहा मग. आणि बाबा, कॉफी उतू चाललीय, ठेवू नका हं. गॅस बंद करून येतो. ठेवू नका.”

“नाही ठेवत.”

पावलं दूर गेली. कुठेतरी नळ सुटला, काहीतरी पडलं, सलिल स्वतःशीच काही पुटपुटला. ते घर मेहेंदळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. स्वयंपाकघर फोनपासून आठ-दहा पावलांवर असावं. त्यांनी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

काचेवर टकटक झाली. रांगेतला माणूस दार किलकिलं करून म्हणाला, “काका, बोलत नसाल तर ठेवा की. नुसतेच उभे आहात केव्हाचे.”

“बोलतोय,” मेहेंदळे म्हणाले आणि दार आतून ओढून घेतलं.